गल्ला कोणाचा? प्रौढांच्या व्यवसाय वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या स्वयंसेवी संस्थेचं आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून वस्ती, संस्था आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. संस्थेने आपला अभ्यासक्रम मोडून नव्याने बांधला, त्या काळात मी तिच्यासोबत काम करत होते. निर्णय कसे झाले, कुठे अडले आणि कशाची किंमत कोणी मोजली, हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं, कारण असे वर्ग ठिकठिकाणी चालतात आणि बहुतेक जण याच वळणावर येऊन थांबतात.

पार्श्वभूमी

संस्था एका मोठ्या शहराच्या कडेला असलेल्या वस्तीत काम करते. तिथल्या बहुतेक प्रौढांचं शिक्षण मध्येच सुटलेलं आहे. नोकरीची शाश्वती नाही, बँकेत खातं असलं तरी व्यवहार नावापुरता. त्यामुळे घरटी कोणी ना कोणी काहीतरी विकतं, शिवतं किंवा दुरुस्त करतं. या लोकांना धंदा नीट करता यावा म्हणून संस्थेने संध्याकाळचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून दोन दिवस, तीन महिने. शेवटी प्रत्येकाने आपल्या धंद्याचा आराखडा लिहायचा आणि प्रमाणपत्र घ्यायचं.

अभ्यासक्रम सगळीकडे असतो तसाच होता. बाजारपेठेची पाहणी, ग्राहकाशी बोलणं, किंमत ठरवणं, रोजमेळ म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद लिहिणं, नफा-तोटा काढणं. शिकवणारा तरुण वाणिज्य शाखेचा पदवीधर, मनापासून शिकवणारा. प्रत्येक धड्यासाठी तो वेगळी उदाहरणं काढून आणायचा. वर्ग भरायचा शाळेच्या खोलीत. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची.

अडचण

पहिल्या तुकडीत निम्मा कालावधी संपेपर्यंत उपस्थितीही निम्म्यावर आली. संस्थेला त्याची फारशी काळजी वाटली नाही, कारण संध्याकाळची वेळ म्हणजे घरकामाची आणि विक्रीचीही वेळ. शिवाय टिकलेल्यांनी शेवटची चाचणी चांगली सोडवली होती. नफा काढा म्हटलं की ते काढायचे, रोजमेळातल्या चुका शोधायचे.

खरा धक्का बसला तो समन्वयक ताई लोकांच्या कामाच्या जागी गेल्या तेव्हा. वर्गात वाटलेल्या वह्या बहुतेकांकडे जपून ठेवलेल्या होत्या आणि कोऱ्या होत्या. काहींच्या वहीत फक्त वर्गाच्या दिवशीच्या नोंदी होत्या, त्याही वर्गाला निघण्याआधी आठवून लिहिलेल्या. उत्तम गुण मिळवलेली एकही व्यक्ती रोजचा हिशेब ठेवत नव्हती.

संस्थेत यावर दोन अर्थ निघाले. काही म्हणाले, लिहिण्यावाचण्याची सवय नाही, म्हणून हे होतं. काही म्हणाले, लोकांना शिस्त नाही. दोन्ही अर्थांत दोष शिकणाऱ्याच्या माथी जात होता. समन्वयक ताईंना ते पटेना. त्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं, "एक दिवस मी तुमच्याजवळ बसू का? काही विचारणार नाही, नुसतं बघते." बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

तो दिवस या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. बाईंचं मशीन घराच्या दाराशी. शेजारी एक पत्र्याचा डबा, झाकण सैल. सकाळी एका गिऱ्हाइकाने शिलाई दिली, ती डब्यात गेली. थोड्या वेळाने मुलाला बसभाडं हवं होतं, ते डब्यातून गेलं. मग दोरा आणला, डब्यातून. दुपारी सासूबाईंनी औषधाला म्हणून नोट उचलली, विचारायचा प्रश्नच नव्हता. दीर आला, त्याला सुटे हवे होते. सुटे घेतले, नोट संध्याकाळी देतो म्हणाला. संध्याकाळी डब्यात जे उरलं त्यात दुसऱ्या दिवशीचं अस्तर येत नव्हतं. म्हणून बाईंनी ते दुकानदाराकडून उधारीवर आणलं, लागेल तेवढंच, आणि रोखीच्या भावापेक्षा चढ्या भावाने.

विशेष म्हणजे यातलं सगळं बाईंना तोंडपाठ होतं. कोणी किती दिलं, कोणाचं किती बाकी आहे, दिराने मागच्या वेळचे दिले की नाही, काहीही अडलं नाही. अस्तराच्या भावातला फरकही त्यांनी क्षणात सांगितला. मग ताईंनी विचारलं, महिन्याला धंद्यात किती उरतं? बाई म्हणाल्या, "उरतं काहीतरी. नाहीतर घर कसं चाललं असतं?"

हिशेब येत नाही, असं म्हणणं इथे चुकीचं ठरतं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ९ ते १५ वर्षांच्या या मुलांनी विक्री करताना विचारलेल्या गणितांपैकी सुमारे ९८ टक्के बरोबर सोडवली. तेच आकडे शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आलं. मुलं तीच, आकडे तेच. आमच्या वस्तीतल्या प्रौढांचंही असंच होतं. डोक्यातला हिशेब पक्का होता, कागदावरचा परका. आणि वहीत लिहून जे कळणार होतं, त्यातलं बरंचसं त्यांना आधीच ठाऊक होतं.

नडत होतं ते वेगळंच. घराचा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात होता. नफा होत नव्हता असं नाही, पण तो दिसायच्या आतच वाटेला लागत होता आणि पाठोपाठ मालाचे पैसेही जात होते. समजा, दिवसाला १०० आले. त्यातले ६० कापड, अस्तर, दोरा यांचे, १० वीज आणि मशीनच्या देखभालीचे. मोकळे राहिले ३०. पण घरात रोज ४० जात असतील, तर रोज १० भांडवलातून जातात. पंधरवड्यात दीड दिवसाच्या विक्रीइतकं खेळतं भांडवल संपतं. मग माल उधारीवर आणि थोडा-थोडा घ्यावा लागतो, तो महाग पडतो, म्हणजे ६० चे ६५ होतात आणि मोकळे राहतात २५. घराची गरज काही कमी होत नाही. असा धंदा बुडत नाही, पण वर्षानुवर्षं जागचा हलतही नाही. वस्तीतल्या बहुतेक धंद्यांची हीच गत होती.

कोणते पर्याय होते

पुढची तुकडी सुरू होण्याआधी संस्थेपुढे चार वाटा होत्या.

पहिली म्हणजे आधी साक्षरता, मग व्यवसाय. ही सुचवणारी मंडळी तळमळीची होती, आणि लिहितावाचता येण्याला पर्याय नाही हे खरंच आहे. पण तोवर अस्तर उधारीवरच येत राहणार होतं. प्रौढ माणूस आजच्या अडचणीसाठी वर्गात येतो. त्याला वर्षभरानंतरचं आश्वासन दिलं, तर तो उठून जातो आणि त्यात त्याची चूक नसते.

दुसरी वाट भांडवल देण्याची. अनुदान देणाऱ्यांना ही फार आवडली होती. यात छायाचित्रं चांगली येतात आणि लाभार्थीही पटकन मोजता येतात. पण डबा तोच असेल, तर त्यात वरून टाकलेलं भांडवलही त्याच वाटेने जाणार. यावर जास्त बोलावं लागलं नाही.

तिसरी वाट पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशातल्या प्रयोगाची. तिथे केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छोट्या उद्योजकांच्या एका गटाला हिशेब, विक्री असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला पुढाकार घेणं, संधी हेरणं, अपयशातून पुन्हा उभं राहणं यांचा सराव दिला. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम ११ टक्के दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येत नव्हता. हा पर्याय मला स्वतःला मोहात पाडणारा होता. मात्र असा सराव घेण्यासाठी प्रशिक्षक वेगळ्या तयारीचे लागतात, आणि ते संस्थेकडे नव्हते. शिवाय ज्याच्याकडे उद्याच्या मालाचे पैसे नाहीत, त्याने पुढाकार कशाच्या जोरावर घ्यायचा?

चौथी वाट अभ्यासक्रम छाटण्याची. मोजके नियम ठेवायचे आणि ते वर्गात कमी, कामाच्या जागी जास्त शिकवायचे. या वाटेला आधार होता. डॉमिनिकन प्रजासत्ताकात अडोपेम या सूक्ष्मवित्त, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या, बँकेच्या कर्जदारांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला. दुसऱ्याला साधे नियम दिले, त्यातला मुख्य नियम घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या कप्प्यांत ठेवायचा आणि इकडून तिकडे घेतले तर चिठ्ठी टाकायचा. दुसऱ्या गटाच्या व्यवहारात सुधारणा दिसली. रीतसर जमाखर्च शिकलेल्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

संस्थेने चौथी वाट धरली. ती धरणं सोपं नव्हतं. अनुदानाच्या करारात वर्गाचे तास आणि प्रमाणपत्रांची संख्या लिहिलेली होती. कामाच्या जागी घालवलेला वेळ 'प्रशिक्षण' म्हणून मोजला जात नव्हता. समन्वयक ताईंनी अनुदान देणाऱ्यांना कोऱ्या वह्या दाखवल्या. अहवालातल्या आकड्यांनी जे झालं नसतं ते त्या वह्यांनी झालं. भेटींचे तास प्रशिक्षणाचे म्हणून धरायला ते राजी झाले, मात्र एका तुकडीपुरतेच.

प्रत्यक्षात काय केलं

सुरुवातीला पाच नियम ठरले होते, पण दोन भेटींत कोणालाही पाच आठवेनात, म्हणून तीनच उरले. एक, डबे दोन, धंद्याचा वेगळा आणि घरचा वेगळा. दोन, रात्री आधी उद्याच्या मालाचे पैसे बाजूला काढायचे, मग बाकीचं बघायचं. तीन, धंद्याच्या डब्यातून घरच्या डब्यात दिवसातून एकदाच आणि ठरलेलीच रक्कम जाईल. ही रक्कम म्हणजे धंदा करणाऱ्याची मजुरी. त्याहून जास्त लागलं तर ती उचल, आणि उचलीची खूण डब्यात राहिली पाहिजे. लिहिता येत असेल तर चिठ्ठी, नसेल तर एक बटण.

बटणाची कल्पना शिवणकाम करणाऱ्या बाईंचीच. त्यांच्याकडे बटणांना तोटा नव्हता. पहिला आठवडा फक्त बटणं टाकायची, काहीही बदलायचं नाही, असं ठरलं. मला हा भाग सर्वांत जास्त आवडला, कारण कोणी कोणाला उपदेश करत नव्हतं. आठवड्याच्या शेवटी डबा उपडा केला की बटणांचा ढीग समोर. एका बाईंनी तो ढीग हाताने पसरला आणि म्हणाल्या, "एवढ्या वेळा?" त्यावर शिकवणाऱ्याने काही बोलायची गरज राहिली नाही.

मजुरी ठरवताना आणखी एक गोष्ट उघड झाली. किंमत ठरवताना जवळपास कोणीच आपल्या श्रमाचे पैसे धरत नव्हतं. मालाचा खर्च वसूल झाला की सुटलो, असा भाव. स्वतःची मजुरी आधी ठरवायची म्हटल्यावर एकेका कामाला किती वेळ लागतो, हे पहिल्यांदाच मोजलं गेलं. काही कामं परवडतच नाहीत, हेही तेव्हा कळलं.

वर्ग पूर्ण बंद केला नाही. आठवड्यातून एकदा सगळे भेटायचे, पण बाकांवर न बसता जमिनीवर, गोल. आणि प्रत्येकाला जोडीदार म्हणून एक मैत्रीण किंवा मित्र घेऊन यायला सांगितलं. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेच्या बँकेच्या ग्राहक महिलांवरचा अभ्यास इथे डोळ्यांसमोर होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला काही जणींना एकटीला बोलावलं होतं, काही जणींना मैत्रिणीसोबत. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी कर्ज घेण्याचं आणि काम वाढवण्याचं प्रमाण जास्त होतं. आमच्याकडे जोडीचा उपयोग आणखी एका कामी झाला, तो पुढे येईल.

उधारीच्या धड्यात मात्र शिकवणाऱ्याला माघार घ्यावी लागली. त्याने तयार केलेला धडा 'उधारी बंद करा' असा होता. भाजी विकणाऱ्या मावशींनी तो तिथल्या तिथे मोडून काढला. "मी उधारी बंद केली, तर गिऱ्हाईक पलीकडच्या गाडीवर जाईल. बाकी आहे म्हणून तर ते माझ्याकडे परत येतं. आणि मला तरी माल रोखीने कोण देतं?" त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. ज्या वस्तीत कोणाच्याच हाती नियमित पैसा येत नाही, तिथे उधारी हाच गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारा धागा असतो, आणि अडल्यावेळी आपल्यालाही कोणीतरी सांभाळून घेईल याची हमीही. मग नियम मावशींच्या तोंडूनच आला. व्यापारी मला जेवढ्या दिवसांची मुदत देतो, त्याहून जास्त मुदत मी कोणाला देणार नाही, आणि जुनं फिटल्याशिवाय नवं नाही. पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा हा नियम कितीतरी चांगला होता.

निर्णयाचा अवघड क्षण

तीन-चार आठवड्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्यांचं काम घरापासून लांब, किंवा जे एकटे राहतात, त्यांचे दोन डबे टिकले. ज्यांचं काम घरातच, त्यांचे टिकेनात. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दोन डबे ठेवले, पण सासूबाईंनी धंद्याच्या डब्यातूनच पैसे घेतले. त्यांच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हतं. घरात येणारा पैसा घराचा, आणि घर चालवायची जबाबदारी त्यांची. डब्यावर नियम लिहिला म्हणून हा हक्क जात नाही.

इथे प्रश्न व्यवसाय कौशल्याचा राहिलाच नव्हता. गल्ल्यात हात घालायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होता. आणि त्याला संस्थेच्या अभ्यासक्रमात जागा नव्हती.

बैठकीत बहुतेकांचं मत पडलं की घरच्यांनाही वर्गाला बोलवावं. सगळ्यांना समजलं की सगळे साथ देतील, असं त्यांना वाटत होतं. विरोध केला तो एका कार्यकर्तीने. ती त्याच वस्तीतली. ती म्हणाली, "नफा किती होतो हे घरात नक्की कळलं की तो तिचा राहत नाही. आज कोणाला नक्की माहीत नाही, म्हणून तर थोडा तिच्याकडे उरतो." बैठकीत शांतता झाली. सुशिक्षित माणसांना हिशेबाची पारदर्शकता ही नेहमीच चांगली वाटते. पण जिच्या हातात अधिकार नाही, तिच्यासाठी हिशेबातली संदिग्धता हीच ढाल असू शकते. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या माहितीवर आधारलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच वेगळ्या बाजूने सांगतो. बायकांना दिलेलं भांडवल फारसा परतावा देत नाही असं आधी दिसलं होतं. पुन्हा तपासल्यावर कळलं की ते बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात गेलं होतं. ज्या घरांत धंदा करणारी फक्त बाई होती, तिथे परतावा पुरुषांच्या तोडीचा होता. म्हणजे बाईचं कौशल्य कमी पडलं नव्हतं, पैसा दुसरीकडे वळला होता.

शेवटी ठरलं ते असं. घरच्यांना बोलवायचं की नाही, हे संस्थेने ठरवायचं नाही. शिकणाऱ्या प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. घरी सांगून डबा ठेवता येईल, न सांगता जोडीदाराच्या घरी ठेवता येईल, किंवा डब्याऐवजी सगळा पैसा त्याच दिवशी मालात गुंतवून टाकता येईल. तिसरी युक्ती बायका आधीपासून वापरतच होत्या. कापडाचा तागा कोणी औषधाच्या पैशांसाठी उचलून नेत नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सासूबाईंना सोबत आणायचं ठरवलं. समन्वयक ताईंनी 'तुम्ही पैसे घेता' असा शब्दही काढला नाही. त्यांनी सासूबाईंपुढे रोखीचं अस्तर आणि उधारीचं अस्तर यांचे दोन सारखे तुकडे ठेवले आणि दोन्हींचे भाव सांगितले. फरक ऐकून सासूबाईच सुनेला म्हणाल्या, "एवढे दिवस त्याला जास्तीचे देत होतीस?" पुढे धंद्याच्या डब्याला कुलूप लागलं आणि किल्ली सासूबाईंकडे गेली. दिराला त्यानंतर सुटे मिळाले नाहीत. घराची कारभारीण डब्याची राखणदार झाली. हे आमच्यापैकी कोणी योजलेलं नव्हतं.

दुसऱ्या घरी नेमकं उलट झालं. घरगुती वस्तू विकणाऱ्या एका बाईंनी मोठ्या विश्वासाने नवऱ्याला दोन डब्यांबद्दल सांगितलं. थोड्याच दिवसांत धंद्याचा डबा त्याच्या कर्जाच्या हप्त्यात गेला. बाई वर्गाला यायच्या थांबल्या. कार्यकर्ती त्यांच्या घरी गेली, पण नवऱ्यादेखत काही बोलता येईना. पुढे जोडीदारणीमार्फत निरोप गेला. उरलेला माल जोडीदारणीच्या घरी हलवला गेला आणि काही आठवड्यांनी धंदा पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा लहान.

काय हाती आलं

सहा महिन्यांनंतर पुन्हा भेटी झाल्या. वेगळा डबा किंवा त्याची दुसरी कुठलीतरी रीत बहुतेकांनी टिकवली होती. उद्याच्या मालाचे पैसे आधी बाजूला काढणं हा नियम सर्वांत पक्का रुजला. ठरलेली मजुरी सर्वांत कमी रुजली, कारण घरची गरज रोज सारखी नसते. आजारपण आलं की तो नियम मोडतो, आणि तो मोडणंच योग्य असतं. शिवणकाम करणाऱ्या बाई आता अस्तराचा पूर्ण तागा रोखीने आणतात. उपस्थिती शेवटपर्यंत टिकली.

नफा किती वाढला, हे या एका तुकडीवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. वर्गाला न आलेल्यांशी तुलना केलेली नव्हती. जगभरच्या अशा प्रशिक्षणांच्या अभ्यासांचा अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०२१ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात सरासरी वाढ विक्रीत सुमारे ५ टक्के आणि नफ्यात सुमारे १० टक्के दिसली. एवढ्यावर कोणी गरिबीतून बाहेर पडत नाही. पण ज्या घरात महिन्याचा शेवट उधारीवर निघतो, तिथे ही वाढ कमी नव्हे.

विक्री मात्र फारशी वाढली नाही. शिवणारे आणि शिवून घेणारे एकाच वस्तीतले, आणि कोणाच्याच खिशात जास्त नाही. डबे कितीही नीट ठेवले तरी ही मर्यादा राहतेच. तिला तोड म्हणजे वस्तीबाहेरचं गिऱ्हाईक, आणि ते मिळवणं हे वर्गापेक्षा मोठं काम आहे. हिशेबाची शिस्त लागली की सगळं सुटेल, असं संस्थांनी लोकांना सांगू नये.

एक अनपेक्षित गोष्टही घडली. दोघा-तिघांनी स्वतःहून रोजमेळ शिकायचा आहे म्हटलं. व्यापाऱ्याशी बाकीवरून वाद झाला होता आणि लेखी पुरावा नव्हता. तरुण शिक्षकाने जुना धडा पुन्हा काढला, आणि या वेळी वह्या भरल्या.

पुन्हा करायचं तर

अभ्यासक्रम ठरवण्याआधी कामाच्या जागी जाऊन बसायला हवं. पहिल्या तुकडीनंतर जे एका दिवसात दिसलं, ते तुकडी सुरू होण्याआधीही दिसलं असतं. प्रत्येक धंद्याजवळ निदान एक दिवस, काही न विचारता. खर्चिक वाटेल, पण कोऱ्या वह्या छापण्यापेक्षा स्वस्त आहे.

घरचा विषय निघण्याआधी प्रत्येक शिकणाऱ्याशी एकांतात बोलणं व्हायला हवं होतं. निर्णय तिचा, हे बरोबरच ठरलं होतं. पण घरी सांगितल्यावर काय होऊ शकतं याचा विचार तिच्यासोबत बसून केलेला नव्हता. डबा गेलेल्या बाईंचं नुकसान तिथे टळलं असतं. संस्थेने आता ही पायरी सक्तीची केली आहे, आणि ते बोलणं वस्तीतलीच कार्यकर्ती करते.

सुरुवातीची मोजणीही राहून गेली. बटणांचा पहिला आठवडा आणि मालाची खरेदी रोखीची की उधारीची, एवढं जरी प्रत्येकाचं लिहून ठेवलं असतं, तरी बदल दाखवता आला असता आणि अनुदान देणाऱ्यांशी पुढचं बोलणं सोपं झालं असतं.

आणि प्रमाणपत्र. नव्या तुकडीत परीक्षा नव्हती, म्हणून प्रमाणपत्रही दिलं नाही. आम्हाला तो कागद बिनकामाचा वाटत होता. पण पहिल्या तुकडीतल्या कितीतरी जणांनी तो चौकट करून भिंतीवर लावला होता. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसासाठी आपल्या नावाचा छापील कागद ही लहान गोष्ट नाही. नव्या तुकडीतल्या भाजीवाल्या मावशींनी सरळच विचारलं, "आम्हाला का नाही?" आता शेवटच्या भेटीत तीन नियम स्वतःच्या धंद्यात करून दाखवले की प्रमाणपत्र मिळतं. मावशींनी ते शिक्षकाला गाडीजवळ उभं करून, व्यापाऱ्याच्या मुदतीचा आणि गिऱ्हाइकांच्या बाकीचा हिशेब तोंडी सांगून मिळवलं.